चिरंजीवांच्या रणगाड्याचे दागिने

तुमच्या घरात प्लॅस्टिकचे रणगाडे जोडणारा मुलगा आहे का? किंवा मुलगी? की मुलाचा बापच? (पुष्कळ घरांत खरा कारागीर तोच असतो आणि मुलगा नुसता नावाला!) असेल, तर पुढचा प्रकार तुमच्या ओळखीचा असणार. रणगाड्याचा संच एकदाचा घेऊन झाला. खोक्यावर झकास चित्र, आत शेदोनशे तुकडे, जोडायचा डिंक, रंगाच्या बाटल्या. झालं, आता महिनादोन महिने कटकट नाही, असं म्हणून तुम्ही सुस्कारा टाकता. तोच एके दिवशी कुरियरवाला चपटं पाकीट घेऊन दारात उभा. आत पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा, त्यावर जाळीदार नक्षी. किंमत विचारावी, तर अर्ध्या रणगाड्याची. कधी अख्ख्या रणगाड्याची! "अगं आई, हे डिटेल पार्ट्स आहेत. ह्यांच्याशिवाय तो खरा दिसत नाही."

आता ह्याला काय म्हणायचं? खूळ म्हणावं, तर पोरगं चार-चार तास जागचं हलत नाही, मोबाइलकडे बघत नाही. कौतुक करावं, तर पैसे दिसतात. ह्या लेखात मी तुम्हाला हे पितळेचे दागिने काय असतात, त्यांचं काम काय, कोणते घ्यावेत, कोणते घरच्या घरी होतात आणि कुठे आईने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं, ते सांगणार आहे. शेवटी पैसे द्यायचे की नाही ते तुम्हीच ठरवा.

पस्तिसाव्या हिश्शाचा संसार

आधी थोडं गणित. हे रणगाडे बहुतेक १/३५ मापाचे असतात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा हिस्सा. साडेपाच फूट उंचीची तुम्ही-मी ह्या जगात पाच सेंटिमीटरही भरणार नाही. आपला पाण्याचा पेला जेमतेम अडीच मिलिमीटरचा होईल, मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढा.

पस्तीसच का, चाळीस किंवा तीस का नाही? ह्याचं उत्तर गमतीचं आहे. जपानात शिझुओका शहरात तामिया नावाची कंपनी आहे. मूळ धंदा लाकडाचा. लाकडी खेळण्यांवरून ते प्लॅस्टिककडे वळले आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचा, मोटरवर चालणारा संच काढला. त्यात मोटर आणि दोन बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून पोट तेवढं ठेवलं. संच धडाक्यात खपला. त्याच मापात आणखी रणगाडे काढायचे ठरले, तेव्हा मोजून पाहिलं, तर ते माप खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचं निघालं! कंपनी ज्यांनी जगभर नेली, त्या शुनसाकु तामियांनीच ही हकीकत लिहून ठेवली आहे. ते २०२५ साली, नव्वदीत वारले. म्हणजे जगभरची मुलं आज ज्या मापासाठी हट्ट धरतात, ते दोन बॅटऱ्यांनी ठरवलेलं आहे. आपल्याकडे पातेल्याचं माप बघून खिरीला दूध घेतात, त्यातलाच प्रकार.

आता मुद्द्याची गोष्ट. प्लॅस्टिकचा तुकडा साच्यात ओतून काढतात. साच्यात प्लॅस्टिक नीट पसरायचं आणि तुकडा न मोडता बाहेर यायचा, तर त्याला काही जाडी लागतेच. समजा, चाकांवरचा पत्रा, म्हणजे मडगार्ड, एक मिलिमीटर जाड निघाला. पस्तिसाने गुणा. साडेतीन सेंटिमीटर! खऱ्या रणगाड्याचं मडगार्ड साध्या पातळ पत्र्याचं असतं. झाडाला घासलं की चेपतं. पण संचातलं मडगार्ड आपल्या ओट्याच्या कडाप्प्याएवढं जाड दिसतं. दिव्यावरची जाळी, अवजारं अडकवायच्या क्लिपा, इंजिनावरची वायर-जाळी, सगळ्याचं हेच. जाळी तर पुष्कळदा जाळी नसतेच. नुसत्या उंच-सखल रेघा ओढलेल्या असतात.

पोरगं सांगत असतं, "खरा दिसत नाही," ते ह्यामुळे. ते नखरे करत नसतं. त्याचा डोळा तयार झालेला असतो. पोळीची कड जाड राहिली, की तुम्हाला लांबूनच दिसते ना? तसंच.

पितळी पत्रा असतो साधारण एक-दशांश मिलिमीटर जाडीचा. त्याला पस्तिसाने गुणलं, की साडेतीन मिलिमीटर. खऱ्या पत्र्याच्या अगदी जवळ. ह्या दागिन्यांचं सगळं रहस्य एवढंच.

आणि ते तयार कसे होतात, हे कळलं, की किमतीचा राग थोडा कमी होतो. तुमच्यापैकी कुणी बाटिक केलंय? कापडावर मेणाने नक्षी काढायची, रंगात बुडवायचं. मेणाखालचा भाग कोरा राहतो. इथे कापडाच्या जागी पितळेचा पत्रा. मेणाच्या जागी उजेडाने घट्ट होणारा एक लेप. नक्षीची फिल्म वर ठेवून त्यावर अतिनील प्रकाश सोडतात, लेपाचा नको तो भाग धुऊन टाकतात आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणातून काढतात. उघडं पितळ विरघळून जातं, झाकलेलं राहतं. दोन्ही बाजूंनी उघडं ठेवलं, तर आरपार भोक. एकाच बाजूने ठेवलं, तर अर्ध्या जाडीची रेघ. ती रेघ म्हणजे घडीची खूण. ब्लाउज बेतताना आपण रेघ मारून ठेवतो ना, तशी.

चेक देशातली एडुआर्ड कंपनी १९८९ साली निघाली आणि असे पत्रे जगभर विकू लागली. पोलंडमध्ये, चीनमध्येही पुष्कळ निघाल्या. पितळेखेरीज ॲल्युमिनियमच्या लेथवर कातलेल्या तोफांच्या नळ्या मिळतात, रेझिनचे ओतीव भाग मिळतात, पांढऱ्या धातूचे पट्टे मिळतात. पट्टे म्हणजे रणगाड्याची साखळी. एकेक कडी तारेने ओवत बसायचं. त्याला फार वेळ लागतो आणि फार पैसे पडतात. माझं मत विचाराल, तर पहिल्या दोन-तीन रणगाड्यांना त्याची मुळीच गरज नाही. तोफेची नळी मात्र घेण्यासारखी. प्लॅस्टिकची नळी पुष्कळ संचांत दोन फाकांत येते, जोडल्यावर मधोमध शिवण दिसते आणि ती घासता घासता नळीची गोलाई जाते. पाहणाऱ्याची नजर आधी तोफेवरच पडते, तेव्हा तिथला खर्च वाया जात नाही.

परात, सुई आणि कपड्याचे चिमटे

हे काम करायला महागडी हत्यारं लागतात, असं दुकानदार सांगेल. त्यातलं निम्मं तुमच्या घरात आहे.

पत्र्यातून तुकडा कापायचा तो कडक जागेवर. रबरी पाटावर कापला, की तुकडा वाकतो. न्हाणीघराच्या फरशीचा उरलेला एखादा गुळगुळीत तुकडा माळ्यावर पडला असेल, तो काढून द्या. ती फरशी परातीत ठेवायची आणि काम परातीतच करायचं. कारण पात्याचा दाब पडला, की मुगाच्या सालीएवढा तुकडा टुणकन उडतो आणि मग सगळं घर जमिनीवर ओणवं! आणि चुंबक फिरवून उपयोग नाही बरं का, पितळ चुंबकाला चिकटत नाही. त्यापेक्षा अगदी बारीक तुकडे मोठ्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून कापावेत. उडाले तरी पिशवीतच राहतात. तरीही हरवलाच, तर कुंच्याला हात लावू नका. व्हॅक्यूम असेल, तर त्याच्या नळीच्या तोंडाला जुना पायमोजा ताणून बांधा आणि फिरवा. मोज्यावर तुकडा अडकतो, केरात जात नाही.

कापलेल्या तुकड्याला बारीक टोक राहतं, ते नखं घासायच्या कानशीने काढता येतं. तुमची कानस मात्र देऊ नका. त्याला वेगळी आणून द्या. भुवयांच्या चिमट्याचंही तेच. एकदा त्याच्या टोकाला डिंक लागला, की तो तुमच्या कामाचा राहत नाही.

घडी घालताना अर्ध्या जाडीची रेघ आतल्या बाजूला यायला हवी. तुकडा लोखंडी पट्टीखाली रेघेपाशी दाबून धरायचा, खालून पातं सरकवायचं आणि एका दमात वर उचलायचं. पितळ एकदाच नीट वाकतं. पुढे-मागे दोनतीनदा केलं, की त्याच रेघेवर तुटतं. तोफेच्या बुरुजावरचा एखादा भाग गोल वळवायचा असेल, तर आधी तो क्षणभर गॅसच्या ज्योतीवर धरून निववायचा. पितळ मऊ पडतं, मग पेन्सिलीवर वळवलं तरी ऐकतं. हे काम मोठ्या माणसाने करावं.

प्लॅस्टिकचा डिंक इथे चालत नाही. तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो. पितळ कुठून विरघळणार? त्यासाठी फेविक्विकसारखा क्षणात चिकटणारा डिंक लागतो. ट्यूब थेट तुकड्यावर पिळायची नाही. एक थेंब फरशीवर काढायचा. जाड सुईच्या नेढ्याचं टोक पक्कडीने तोडलं, की दोन काट्यांचा छोटा चिमटा होतो. त्या फटीत डिंकाचा अगदी नेमका, राईएवढाही नाही इतका थेंब धरतो. तो तुकड्याच्या कडेला टेकवला, की डिंक आपोआप फटीत ओढला जातो. तुकडा उचलायला टूथपिकच्या टोकाला मेणाचा ठिपका पुरतो. मोठे भाग वाळेपर्यंत धरायला दोरीवरचे कपड्याचे चिमटे.

आता ह्या डिंकाविषयी मी जे सांगते, ते जरा नीट वाचा. हा डिंक सुती कापडावर सांडला, तर नुसता चिकटत नाही; कापसाशी संयोग होऊन एकदम तापतो. जास्त सांडला, तर धूर येतो, कातडी भाजते. म्हणून मांडीवर सुती पंचा पसरून हे काम करू देऊ नका आणि सांडलेला डिंक कापसाने किंवा सुती फडक्याने पुसायला जाऊ नका. जवळ बसून हात लावणार असाल, तर सुती साडीचा पदरही खोचून घ्या. बोटं चिकटली, तर ओढून सोडवायची नाहीत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, हळूहळू सुटतात. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने बोटं सुटतात हे खरं, पण त्याचा एक थेंब रणगाड्यावर पडला, की प्लॅस्टिकच विरघळतं, आणि मग घरात खरं युद्ध! डोळ्यात गेला, तर घरगुती उपाय एकही नको. तडक डॉक्टर.

रेझिनचे भाग घासायचे असतील, तर पाण्यात भिजवून, ओल्या पॉलिशपेपरने आणि नाकातोंडाला मास्क लावून. ती पूड छातीत जाणं वाईट. खिडकी उघडी ठेवा. आणि रांगतं मूल घरात असेल, तर हे सगळं उंचावर, झाकणाच्या डब्यात. पात्याची जागा एकच ठरवून द्या. पेन्सिलीच्या डब्यात लोळणारं पातं मला अजिबात खपत नाही.

जोडून झाल्यावर पितळ म्हणून चिंच-पितांबरी लावून लखलखीत करायला घेऊ नका हं! ते रंगाखाली जाणार आहे. साबणाच्या पाण्याने बोटांचा तेलकटपणा निघाला, की पुरे. पण वर आधी प्रायमरचा पातळ हात हवाच. नाहीतर पितळावरचा रंग नखाने निघतो.

विकतचं नको तिथे घरचं

खरी बचत इथे आहे. विकतच्या पत्र्यातले अर्धे भाग घरी होतात आणि ते केल्याने हात जास्त तयार होतो.

संचातल्या तुकड्यांच्या भोवती ज्या प्लॅस्टिकच्या दांड्या उरतात, त्या फेकू नका. दांडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर धरून फिरवत राहायचं. लवली, की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढायची. केसासारखा धागा निघतो. साखरेच्या पाकाची तार बघणाऱ्या बाईला ह्यात शिकण्यासारखं काही नाही! हळू ओढली तर जाड, झटकन ओढली तर बारीक. हीच रेडिओची एरियल. जुन्या टेलिफोनच्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून रणगाडा ओढायचा दोर होतो. खरा दोरही पोलादी तारा पिळलेलाच असतो, म्हणून तो हुबेहूब दिसतो. सुतळी लावली, तर तिचे केस उभे राहतात. छोट्या सपाट मेणबत्तीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीतून पट्टे, क्लिपा, अगदी चेपलेलं मडगार्डसुद्धा कापता येतं.

ताडपत्री आणि अंथरुणं मात्र तुमच्या हातची. मुलं रुमालाची चिंधी कापून ताडपत्री म्हणून टाकतात आणि ती चिंधीच दिसते, कारण कापडाचा पीळ पस्तिसाव्या हिश्शाने बारीक होत नाही. टिश्यू पेपर घ्या, पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवा, आणि ओला असतानाच टूथपिकने चुण्या पाडा. जाड कापड कसं पडतं, ओलं कसं लोंबतं, दोरी बांधली की दोन्हीकडे कसं फुगतं, हे तुमच्याइतकं घरात कुणाला ठाऊक आहे? निऱ्या घालणारा हात आहे तो. रंगीत खडू ब्लेडने खरवडून त्याची पूड कोरड्या कुंचल्याने चाकांवर मारली, की धूळ बसते.

ह्यावरून एका घरातली गोष्ट सांगते. साताऱ्याकडच्या माझ्या एका मैत्रिणीचे सासरे रणगाड्यांच्या दलातून निवृत्त झाले. १९७१मध्ये ते सेंच्युरियन रणगाड्यावर होते, एवढंच घरात माहीत. स्वतः कधी काही बोलत नसत. नातवाने दहावीच्या सुटीत सेंच्युरियनचा संच मागितला, पाठोपाठ पितळी पत्रा. मुलाच्या बापाने सरळ नाही म्हटलं. ह्या बाईने स्वतःच्या भिशीतून दिला आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. मुलाने महिनाभर खपून रणगाडा केला. जाळ्या, दिवे, क्लिपा, सगळं जागच्या जागी. आजोबांपुढे नेऊन ठेवला.

आजोबांनी चष्मा पुसला, खूप वेळ पाहिला. म्हणाले, "छान झालाय. पण ह्यात माणसं राहतात असं वाटत नाही रे, बाळा."

मुलगा गोंधळला. तेव्हा ते सांगू लागले. चार माणसांचं घर ते. वळकट्या कुठे बांधायच्या, पाण्याचे कॅन कुठे, जाळं कसं गुंडाळायचं, डिसेंबरच्या थंडीत इंजिनावरचा पत्रा ऊबदार असतो म्हणून त्याच्यावर पाठ टेकायला कशी भांडणं व्हायची. वळकटी मुलाला जमेना, तर आजोबांच्या थरथरत्या हातांनी सांगितल्याप्रमाणे सुनेने केली. टिश्यूची, दोन सेंटिमीटर लांब, दोऱ्याने दोन ठिकाणी आवळलेली. "चार कर," ते म्हणाले. आणि मग चार मग. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, तीळ मोठे एवढे. चौघांपैकी परत किती आले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण लग्नाला अठरा वर्षं होऊन गेल्यावर त्या बाईने सासऱ्यांच्या तोंडून लढाईतला शब्द पहिल्यांदा ऐकला, तो ह्या पितळी पत्र्यापायी. मुलाचा बाप दारात उभा राहून ऐकत होता म्हणे.

चहावरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात चहा करायला खाली उतरलेली रणगाड्यांवरची माणसं गोळ्यांना बळी पडत. म्हणून नंतरच्या ब्रिटिश रणगाड्यांत, सेंच्युरियन धरून, आतच विजेवर पाणी उकळायचं भांडं बसवलं गेलं. पन्नास टन पोलाद आणि त्यात चहाचं आधण! पुरुषांनी लिहिलेल्या पुस्तकांत हे बारीक अक्षरात असतं. मला मात्र त्या सगळ्या यंत्रात हेच पहिल्यांदा कळलं.

घरात रणगाडा कशाला?

हा प्रश्न पुष्कळजणींच्या मनात असतो आणि तो चुकीचा नाही. लढाईचं खेळणं घरात नको, असं वाटणाऱ्या आईला मी हसणार नाही. मला वाटतं ते इतकंच, की नुसता रणगाडा आणि अमुक रणगाडा ह्यांत फरक आहे. दागिने घालायचे म्हटले, की मुलाला ठरवावं लागतं, कोणत्या पलटणीचा, कोणत्या सालचा, कुठल्या लढाईतला. फोटो शोधावे लागतात. आणि फोटोत माणसं असतात.

सेंच्युरियनच करणार असेल, तर त्याला अरुण खेतरपाल कोण ते वाचायला सांगा. जन्म १४ ऑक्टोबर १९५०, पुण्याचा. पूना हॉर्स रेजिमेंटमध्ये १३ जून १९७१ला दाखल झालेले सेकंड लेफ्टनंट. १६ डिसेंबर १९७१, बसंतर नदीच्या लढाईत त्यांचा सेंच्युरियन पेटला. सोडून बाहेर या, असा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, म्हणून त्यांनी रणगाडा सोडला नाही. एकवीस वर्षांचं वय. दुसऱ्या दिवशी पश्चिम सीमेवर युद्धबंदी झाली. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पुढे २००१ साली त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, एक्क्याऐंशी वर्षांचे, आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्या घरी उतरले, ते यजमानही निवृत्त ब्रिगेडियर, ख्वाजा मोहम्मद नासर. त्यांनी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं, की तुमच्या मुलाच्या समोरच्या रणगाड्यात मीच होतो. तो माझ्या हातून गेला. वडिलांनी ते ऐकून घेतलं. मी ही हकीकत वाचली, तेव्हा त्या दोन म्हाताऱ्यांपेक्षा जास्त मला त्या मुलाची आईच आठवत राहिली.

ह्या रणगाड्याचं नाव होतं फमागुस्ता. तो नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवलेला आहे. त्याच गावी १९९४पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. हिरवळीवर ब्रिटिश, जर्मन, जपानी, अमेरिकन रणगाडे मांडलेले आहेत. शिर्डीला किंवा शनिशिंगणापूरला जाणाऱ्या कुटुंबांनी एक दुपार तिथे काढावी. मुलाला मोजपट्टी आणि वही द्या. मडगार्डचा पत्रा किती पातळ, जाळीची भोकं केवढी, दिव्यावर कडी कशी बसवली आहे, हे त्याला स्वतः टिपू दे. विकतच्या दहा पत्र्यांनी शिकवलं नसतं, ते त्या दुपारी कळतं. लहानग्याला वर चढू देऊ नका, ऊन्हात पोलाद चांगलंच तापतं.

आता पैशांचं. पहिल्या रणगाड्याला पितळ देऊच नका. संच आहे तसा नीट जोडता येऊ दे, शिवणी घासून रंगवता येऊ दे. दुसऱ्याला तोफेची नळी आणि इंजिनावरच्या जाळ्यांचा छोटा पत्रा. तो मोठ्या पत्र्याहून पुष्कळ स्वस्त पडतो. मोठा पत्रा मागितला, तर आधी त्याच्याकडून यादी करून घ्या, की ह्यातले कोणते भाग बुरुज बंद केल्यावर बाहेरून दिसणार आहेत. आतल्या खुर्च्यांना पट्टे लावून वरून झाकण चिकटवायचं, ह्याला काय अर्थ आहे? काही हौशी लोक म्हणतात, दिसलं नाही तरी मला माहीत असतं. स्वतःच्या पगारातून करत असतील, तर जरूर करावं! आणि पत्र्यात दिलेला प्रत्येक स्क्रू लावलाच पाहिजे, असंही नाही. सपाट पितळेची गोल नळी होत नाही. कुऱ्हाडीचा दांडा, फावडं असल्या गोल वस्तू संचातल्या प्लॅस्टिकच्याच बऱ्या दिसतात, पितळेच्या पापडासारख्या दिसतात.

परीक्षेच्या दिवसांत काय, असं विचाराल. अर्धवट रणगाडा टेबलावर उघडा राहिला, तर अभ्यासात लक्ष लागणार नाही हे नक्की. झाकणाच्या मिठाईच्या खोक्यात सगळे तुकडे, पत्रा आणि सूचनांचा कागद एकत्र घालून वर तारीख लिहून माळ्यावर टाका. खोकं त्याच्याकडूनच बांधून घ्या. तुम्ही आवरलंत, तर एक तुकडा हरवलाच म्हणून समजा, आणि तो जन्मभर तुमच्या नावावर.

तयार झालेला रणगाडा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये, प्लॅस्टिक वाकतं. काचेच्या कपाटात ठेवला, तर उत्तम. बाहेर असेल, तर कामवाल्या बाईंना आधीच सांगून ठेवा, की ह्याला फडकं लावायचं नाही. फडक्याच्या धाग्यात जाळीची कड अडकते आणि अख्खी जाळी उखडून येते. पावडर लावायचा जुना, मऊ, स्वच्छ धुऊन वाळवलेला ब्रश घ्यायचा, आणि वरून खाली, न दाबता, एरियल चुकवून फिरवायचा. महिन्यातून एकदा पुरे.